कोटा कागदावरचा नाही, काट्यावरचा आहे

भाचीने कॉलेजच्या प्रकल्पात एक फिरता मेसेज जसाच्या तसा उतरवला, म्हणून हे लिहितोय. मेसेज म्हणतो: अलास्कात पोलॉक, कॉडसारखे तळाजवळचे मासे ट्रॉलर हवे तेवढे उपसतात, कोटा कंपन्याच ठरवतात, पकड कुणी मोजत नाही, संपलेला मासा परत येत नाही आणि २०४८पर्यंत समुद्र रिकामा होणार.

‘कुणी मोजत नाही’ वाचून डोकंच फिरलं. अलास्कालगतच्या बेरिंग समुद्रातल्या पोलॉकच्या कारखाना-जहाजांवर मासा सरकत्या पट्ट्यावरून पुढे जातो तो वजनकाट्यावरूनच. ठाऊक वजनाचा माल टाकून तो काटा रोज तपासायचा; ३ टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही. त्यावर कॅमेरा रोखलेला. शिवाय जहाजावर दोन निरीक्षक असतात, टोपलीत नमुना घेऊन कोणत्या जातीचा मासा किती आला ते नोंदवणारे.

कोटा कंपन्या ठरवतात, यात अर्धं तथ्य आहे, मान्य. कोटा ठरवणाऱ्या तिथल्या मत्स्य परिषदेत मासेमारी उद्योगाची माणसं बसतात. पण २००६च्या कायदा-दुरुस्तीनंतर शास्त्रज्ञांच्या समितीने आखलेली रेघ परिषदेला ओलांडता येत नाही. शिवाय बेरिंग समुद्र आणि अल्युशियन बेटांच्या भागात तळाजवळच्या सगळ्या जाती मिळून वर्षाला २० लाख टनांची कमाल मर्यादा. २०२४चंच बघा: पूर्व बेरिंग समुद्रात एकट्या पोलॉकसाठी शास्त्रज्ञांची मर्यादा सुमारे २३ लाख टन होती, कोटा दिला १३ लाख टन. हवं तेवढं उपसणाऱ्यांनी १० लाख टन पाण्यात राहू दिले असते का?

मासा परत येत नाही म्हणे! अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅनरी रॉकफिश २००० साली अतिमासेमारीने खालावलेला ठरला आणि २०१५मध्ये सावरलेला.

२०४८ हा आकडा २००६च्या एका शोधनिबंधातला, आलेखाची रेघ पुढे ओढून काढलेला. त्याच निबंधाचे प्रमुख लेखक बोरिस वर्म २००९मध्ये आपले टीकाकार रे हिलबॉर्न यांच्यासोबत पुन्हा बसले, तेव्हा नीट अभ्यासलेल्या १० सागरी परिसंस्थांपैकी ५ मध्ये मासेमारीचा ताण उतरलेला दिसला. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

खरं दुखणं मेसेजमध्ये नाहीच. अलास्कातल्या युकॉन नदीकाठच्या मूळनिवासी गावांवर अलीकडे सामन मासा धरायला बंदी आली, आणि पोलॉकच्या जाळ्यात मात्र सामन येतोच. त्यातल्या चिनूक जातीच्या सामनवर २०११पासून कडक मर्यादा आहे, तरी त्या गावांचा राग खोटा नाही. भाचीला म्हटलं, २०४८ची ओळ खोड आणि तिथे ही गावं लिही.