‘दगडच तर उचलला!’ : झिओलाइटवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. झिओलाइट, म्हणजे काळ्या कातळाच्या पोकळ्यांत वाढणारे खनिज-स्फटिक, वेचण्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे दोन आक्षेप आहेत. सरकारी जमिनीवरचा दगड उचलायला मी कायद्याची भीती घातली, हा पहिला. बाथरूम धुवायच्या ॲसिडमध्ये स्फटिक दोन मिनिटांत लख्ख होतात, हे लिहिलंच नाही, हा दुसरा. दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण ते नुकसान भरून येत नाही.

ते ॲसिड हायड्रोक्लोरिक असतं. कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) त्यात फसफसून विरघळतं, हे डोळ्यांना दिसतं. पण स्टिल्बाइट आणि हेउलंडाइट या झिओलाइटमधलं कॅल्शियम, ॲल्युमिनियमही ते ओढून घेतं. त्यांच्यासोबत सापडणारं अपोफायलाइट त्यातून सुटत नाही, आणि स्कोलेसाइट या झिओलाइटच्या सुयांचा तर चिकट लगदा होतो. सुरुवातीला चमक दिसते ती वरचा चिखल आणि कॅल्साइटचा पापुद्रा निघाल्यामुळे. वाळल्यावर पृष्ठभाग दुधाळ पडतो. गारगोटी आणि अकीक या ॲसिडला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी चालणारा उपाय झिओलाइटला लावला जातो, तिथेच घात होतो.

साध्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घालून तुकडा रात्रभर ठेवा. मग मऊ टूथब्रश, आणि कोपऱ्यातल्या मातीला बांबूची काडी. लोखंडी सुई नको: स्टिल्बाइटची कठीणता (1 ते 10 च्या मोह्स मापावर) 3.5 ते 4 आहे, सुईने चरे पडतात. गरम पाणी आणि कडक ऊन दोन्ही टाळा, सावलीत वाळवा. ओकेनाइट या खनिजाच्या कापसासारख्या गोळ्यांना मात्र पाण्याचा थेंबही लावू नका. तंतू एकमेकांना चिकटले की पुन्हा मोकळे होत नाहीत. रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवा. लॉमोंटाइट हे झिओलाइट तर हवेतच आपल्यातलं पाणी सोडून पांढरं पडतं आणि भुगा होतं. म्हणून ओळख पटलेली नसेल तर आधी फुटक्या कणावर प्रयोग करा.

आता कायदा. भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार जंगलातला दगड आणि खनिजही ‘वनोपज’ आहे. राखीव वनातून ते परवानगीशिवाय नेणं गुन्हा आहे. लोणारचं विवर तर अभयारण्य आहे, तिथला खडाही उचलू नये. गायरान किंवा पडीक सरकारी जमीन वन नसली, तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 प्रमाणे तिथल्या खनिजावर हक्क राज्य सरकारचा. त्यामुळे ‘सरकारी म्हणजे सगळ्यांची’ हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. आधी तलाठ्याकडे सातबारा आणि गटाची नोंद पाहा, जमीन वनखात्याकडे आहे का ते विचारा.

शिवाय कातळात घट्ट बसलेली पोकळी छन्नीने फोडायची गरजच फारशी पडत नाही. अपोफायलाइट आणि स्टिल्बाइट एका दिशेला सहज चिरतात. घणाचा हादरा पोकळीपर्यंत पोचला की स्फटिक आतच सुटतो आणि हाती चुरा येतो. विहिरीच्या खोदकामाचा ढीग, परवानाधारक खाणीचा टाकाऊ दगड, यांत तेच खनिज आयतं फुटलेलं मिळतं. कॅव्हन्साइट या निळ्या खनिजासाठी जगभर नाव झालेली पुण्याजवळची वाघोली हीसुद्धा दगडखाणींचीच जागा. विहिरीच्या मालकाला, खाणमालकाला विचारूनच आत जा. खाणीच्या उभ्या भिंतीखाली थांबू नका, आणि ढिगात वायर दिसली तर हात न लावता मुकादमाला सांगा, कारण न उडालेला सुरुंग असू शकतो. मोठा दगड कमी करायचाच तर स्फटिकांपासून लांबच्या कडेला, मागच्या बाजूने, हलके घाव घाला. डोळ्यांवर गॉगल हवाच. सुताराचा हातोडा नको, त्याच्या कपच्या उडतात.

तुमच्याकडे आधीच ॲसिडमधून काढलेले तुकडे असतील, तर ते फेकू नका. खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्यात काही तास ठेवा, मग साधं पाणी बदलत दोन दिवस. गेलेली चमक परत येणार नाही. पण फटींत उरलेलं ॲसिड निघालं नाही, तर ते आतून कुरतडत राहतं.