गढीतली वटवाघळं आणि ऑल्बनीचा बर्फ

चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात जुनी गढी आहे. तिच्या समोरच्या दोन खोल्या वाचनालयासाठी हव्या आहेत आणि तिथे वटवाघळं लटकतात. मिरचीची धुरी देऊन त्यांना हाकला, असं गावात बरेच जण म्हणतात. परवा कुणीतरी फोनवर एक फोटो फिरवला: अमेरिकेतलं वटवाघूळ, नाकावर कापसासारखी पांढरी बुरशी. खाली लिहिलं होतं, ‘हा रोग गावात यायच्या आत गढी साफ करा.’

हा रोग अमेरिकेत जिथे पहिल्यांदा दिसला, तिथून तासाभराच्या अंतरावर मी राहते, म्हणून लिहिते आहे.

२००६ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहराच्या पश्चिमेला हाऊ कॅव्हर्न्स या गुहेत पांढऱ्या नाकाच्या वटवाघळांचा फोटो निघाला. मी नंतर दोन वर्षांनी इथे आले. त्या हिवाळ्यात भरदुपारी, अंगणात गुडघाभर बर्फ असताना, एक वटवाघूळ भिंतीवर येऊन आपटलं. संध्याकाळी ते बर्फावर मेलेलं सापडलं. अंगठ्याएवढं शरीर, वजन जाणवतच नव्हतं. नाकावर काही नव्हतं, पण पंख उजेडात धरला तर जुन्या पतंगाच्या कागदासारखा ठिकठिकाणी विरलेला. हिवाळ्यात किडाच नसताना ते बाहेर का पडलं, हे मला तेव्हा कळलं नाही.

इथली वटवाघळं सहा-सहा महिने गुहेत झोपतात. शरीर गुहेइतकं गार होतं आणि अंगावरची चरबी वसंतापर्यंत पुरवायची असते. ही बुरशी नेमक्या त्या थंड कातडीवर वाढते. ती पंख पोखरते, शरीरातलं पाणी कमी होतं, प्राणी पुन्हा पुन्हा जागा होतो आणि प्रत्येक जाग चरबी खाते. मग भुकेनं ते बाहेर पडतं. २०१२ पर्यंतच मेलेल्या वटवाघळांचा अंदाज ५७ ते ६७ लाख होता. ती वर्षाला एकच पिल्लू देतात, त्यामुळे ही तूट लवकर भरून येत नाही. युरोपातली वटवाघळं या बुरशीसोबत जगतात, तिथे अशी मरतूक होत नाही. अमेरिकेत ती बहुधा माणसाच्याच बुटांना किंवा कपड्यांना चिकटून आली. आता बऱ्याच गुहांत शिरताना-निघताना बूट पुसायला लावतात.

आता गावाचा प्रश्न. या बुरशीला १२ ते १५ अंश सेल्सिअस मानवतं, २० च्या वर ती वाढतच नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो आणि आमची वटवाघळं सहा महिने गारठून झोपत नाहीत. त्या फोटोची भीती गढीला लागू नाही.

लागू आहे ती दुसरीच गोष्ट. २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेत जिथे वटवाघळं मेली, त्या भागांतल्या शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढवला आणि त्याच भागांत बालमृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. मी हे वाचून बराच वेळ तशीच बसले. आमच्या घरी कपाशी आहे. बोंडअळीवर किती फवारे मारायचे, यावर दर खरिपात घरात भांडण होतं. रात्री शिवारात पतंग टिपणाऱ्या या फुकटच्या मजुरांचा हिशेब मात्र आम्ही कधी मांडला नाही. भारतातल्या कायद्यानेही फळं खाणाऱ्या बहुतेक वटवाघळांना २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत उंदरा-घुशींच्या पंक्तीत, उपद्रवी म्हणून बसवलं होतं.

हे सगळं मी फोनवर गावातल्या नानांना सांगितलं. ते म्हणाले, “तू तठे बशीसन सांगस, आठे घाण आम्हले काढनी पडस.” त्यांचं खरं आहे. लेंडीचा वास मी रोज घेत नाही. शिवाय बंद खोलीतल्या वाळक्या लेंडीच्या धुळीतून फुप्फुसाला बुरशीचा आजार होऊ शकतो, हा धोका पांढऱ्या नाकाच्या रोगापेक्षा माणसाला जवळचा आहे. पोरं तिथे पुस्तकं वाचत बसणार असतील तर खोली साफ व्हायलाच हवी: लेंडी आधी पाणी मारून भिजवायची, तोंडाला मास्क बांधायचा, मग खरवडायची. कोरडा झाडू चालवायचा नाही.

पण धुरी नको. अंगाला पिल्लं चिकटलेली असतात तेव्हा धुरानं माद्या सैरावैरा उडतात आणि पिल्लं खाली पडतात. पिल्लं उडती झाल्यावर, दिवेलागणीनंतर सगळी बाहेर गेली की समोरच्या खोल्यांची भोकं जाळीनं बंद करायची. गढीच्या मागच्या अंधाऱ्या खोलीला हात लावायचा नाही.

नानांनी थोडा विचार केला. म्हणाले, “मांगली खोली ऱ्हाऊ देसूत. पन जाळीना पैसा कोन दी?”

जाळीचे पैसे मी पाठवते आहे.