खुलासा : १ भागिले ० म्हणजे अनंत नव्हे

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : पाटणच्या भास्कराचार्यांनी शून्याने भागल्यास उत्तर अनंत येतं हे सिद्ध केलं आणि आज जग तेच मानतं.

पहिला भाग बराचसा खरा. चाळीसगावजवळच्या पाटणचा १२०७ चा शिलालेख त्यांचा नातू चंगदेव याच्या मठाचा. हा मठ आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठीच काढलेला. 'बीजगणित' या ग्रंथात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलं : कितीही मिळवा, कितीही काढा, ती बदलत नाही. बाराव्या शतकात ही झेप मोठीच!

दुसरा भाग मात्र चूक. नेहमीच्या अंकगणितात हा भागाकार अव्याख्यात आहे, म्हणजे त्याला उत्तरच ठरवलेलं नाही. १/० आणि २/० दोन्ही अनंत धरून परत शून्याने गुणलं, तर १ = २ होऊन बसतं. शिवाय १ ला ०.१, ०.०१, ०.००१ ने भागत गेलं की १०, १००, १०००, पण −०.१, −०.०१ घेतले की उत्तर उलट्या दिशेला पळतं. मग कुठला अनंत धरायचा?

संगणक कधी कधी 'इन्फिनिटी' दाखवतो, ती सोयीसाठी ठरवलेली खूण. पोरांनो, पेपरात तसं लिहाल तर मार्क जातील.