करारात अडकलेलं बिल आणि एक चुकीचा सल्ला

मोबाईलच्या कराराबद्दल, म्हणजे हप्त्यावर फोन आणि ठरावीक मुदतीचा प्लॅन घेताना कंपनीशी होतो त्या कराराबद्दल, एक मेसेज सगळीकडे फिरतो आहे. त्याचा सारांश असा: एकदा सही केली की मुदत संपेपर्यंत बिल कमी होत नाही. मध्येच सोडलात तर उरलेली सगळी रक्कम भरावी लागते. दर वाढवला तरी मुकाट भरा. कंपनीला फोन करणं वाया. फारच जाच झाला तर बँकेतलं ऑटो-डेबिट थांबवा, नाहीतर गुपचूप मुदत संपायची वाट बघा, मग बिल आपोआप उतरतं. थोडक्यात, पदरी पडलं आणि पवित्र झालं. यात खरं फार थोडं आहे.

‘सही केली की बिल कमी होत नाही.’

मेसेजची मुख्य गफलत इथेच आहे. बिल ही एक रक्कम नसते. त्यात हँडसेटचा हप्ता असतो, प्लॅनचे पैसे असतात, आणि खाली बारीक अक्षरात विमा, रोमिंग पॅक, ‘पहिला महिना मोफत’ म्हणून चिकटलेली एखादी सेवा. शेवटचं बिल उघडा आणि ओळीओळीने वाचा. एकूण आकड्याकडे तूर्त बघूही नका. मुदतीला खरा बांधलेला असतो तो हँडसेटचा हप्ता. विमा आणि जोडसेवा बहुतेक वेळा महिन्याच्या बोलीवर असतात, त्या मुदतीआधी बंद करता येतात. प्लॅन खालच्या पायरीवर नेण्याची मुभाही अनेक कंपन्या देतात. काही ठिकाणी सुरुवातीचे काही महिने झाल्यावर.

कुठलंही चलन धरा. बिल 100: हँडसेट 55, प्लॅन 30, विमा 9, जोडसेवा 6. करार संपायला 8 महिने आहेत. अ‍ॅपमध्ये मागच्या महिन्यांचा डेटा वापर पाहिला आणि निम्माही संपत नाही असं दिसलं, म्हणून प्लॅन 18 वर आणला: 96 वाचले. विमा काढला: 72. जोडसेवा बंद: 48. एकूण 216. भरायचे होते 800, म्हणजे चतुर्थांशाहून जास्त रक्कम करार न मोडता कमी झाली. विमा काढायचा की नाही हे मात्र फोन किती महाग आणि हात किती धांदरट यावर ठरवा.

‘मध्येच सोडलं तर उरलेलं सगळं भरावं लागतं.’

काही करारांत जवळपास तसं असतं, हे मान्य. पण सरसकट नाही. कॅनडात डिसेंबर 2013 पासून लागू झालेल्या वायरलेस संहितेनुसार, म्हणजे मोबाईल सेवेच्या नियमावलीनुसार, करार लवकर मोडण्याचं शुल्क हँडसेटवर दिलेल्या सवलतीपेक्षा जास्त असू शकत नाही, ते दर महिन्याला घटतं आणि 24 महिन्यांनी शून्य होतं. ब्रिटनमध्ये 85075 वर ‘इन्फो’ हा शब्द इंग्रजीत पाठवला की बाहेर पडायचा खर्च आणि हँडसेटची बाकी किती ते मेसेजने कळतं. तुमच्याकडे काय नियम आहे ते बघा आणि आकडा लेखी मागवा. तो हातात आला की नव्या स्वस्त प्लॅनशी वजाबाकी करणं दोन मिनिटांचं काम.

‘दर वाढवला तरी मुकाट भरा.’

मुळीच नाही. युरोपियन संघात कंपनीने कराराच्या अटी ग्राहकाच्या तोट्याच्या बाजूने बदलल्या तर तिला निदान महिनाभर आधी कळवावं लागतं, आणि ग्राहक दंडाशिवाय बाहेर पडू शकतो. सवलतीतला हँडसेट ठेवला तर त्याचं उरलेलं मूल्य किंवा उरलेलं सेवाशुल्क, यातलं जे कमी तेवढंच भरायचं. मेख अशी की वाढ मूळ करारातच लिहिलेली असेल तर हा दरवाजा बहुधा बंद असतो. ब्रिटनमध्ये 17 जानेवारी 2025 पासूनच्या नव्या करारांत अशी वाढ महागाईच्या टक्क्याला बांधता येत नाही. पौंड-पेन्समध्ये आधीच सांगावी लागते.

‘कंपनीला फोन करून उपयोग नाही.’

कुणाशी बोलता यावर आहे. साध्या कस्टमर केअरच्या हातात फारसं नसतं. ‘सेवा बंद करायची आहे’ हा पर्याय निवडलात की सवलत देण्याचा अधिकार असलेला माणूस भेटण्याची शक्यता वाढते. मुदत बरीच शिल्लक असेल तर तोही ताणून धरेल, कारण तुम्ही कुठे जात नाही हे त्याला स्क्रीनवर दिसतं. सवलत मिळालीच तर एकच विचारा: ‘माझी शेवटची तारीख तीच राहणार ना?’ पुष्कळदा स्वस्त दराच्या मागे नवा 24 महिन्यांचा करार दडलेला असतो.

‘ऑटो-डेबिट थांबवा, नाक दाबलं की तोंड उघडतं.’

नाक आपलंच दाबलं जातं. डेबिट थांबलं तरी करार चालूच राहतो. थकबाकी, दंड, सेवा बंद, वसुलीचे फोन आणि कर्जफेडीच्या नोंदीवर डाग, एवढं सगळं पदरात.

‘मुदत संपली की बिल आपोआप उतरतं.’

हँडसेट आणि प्लॅन वेगवेगळ्या करारांत असतील तर हप्ता थांबतो. एकत्र असतील तर फोनची किंमत फिटल्यावरही तीच रक्कम महिनोन् महिने जात राहू शकते. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी 2020 पासून कंपन्यांना करार संपण्याच्या 10 ते 40 दिवस आधी ग्राहकाला कळवावं लागतं. जिथे असा नियम नाही तिथे तारीख आपणच कॅलेंडरमध्ये टाकायची, आणि नोटीस द्यायला किती दिवस लागतात ते करारात पाहून तेवढी आधीची.