हयातीचा फोटो

मराठी घरात जिवंत माणसाचा एकट्याचा फोटो फ्रेम करून भिंतीवर लावणं जोखमीचं काम आहे. लग्नातला जोडीचा चालतो, नातवंडांबरोबरचा चालतो, काश्मीरला भाड्याचे कपडे घालून काढलेला तर चालतोच चालतो. पण वयस्कर माणसाचा, छातीपर्यंतचा, मंद हसरा फोटो दिसला की येणारा पाहुणा चपला काढता काढता आवाज खाली आणतो आणि विचारतो, "कधी?"

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून नणंदेने त्यांना फोटोसेशन भेट दिलं. फोटो आला मात्र झकास. खिडकीचा उजेड, डोळ्यांत मिश्कीलपणा, आणि चेहरा इतका जवळून की या कानापासून त्या कानापर्यंत नुसते अण्णाच. घोळ एवढाच, की तो कृष्णधवल होता.

"पेपरात येतो तसला नको," आई म्हणाल्या. "खाली 'जवाहरबाग स्मशानभूमी, सकाळी दहा' लिहायचं तेवढं राहिलंय."

रंगीत प्रत मागवली. मग नौपाड्यातल्या लॅबमधल्या मुलाने विचारलं, ग्लॉसी, मॅट की लस्टर? ग्लॉसीत काळा रंग खोल उतरतो, पण बोटांचे ठसे उमटतात आणि समोरची ट्यूबलाइट थेट फोटोत येते. अण्णांच्या टकलावर निसर्गतःच एक ट्यूबलाइट आहे, दुसरी परवडणारी नव्हती. मॅटवर उजेड चमकत नाही, "फक्त काळा जरा राखेसारखा दिसतो," असं तो मुलगा सहज बोलून गेला आणि मॅट जागीच बाद झाला. उरला लस्टर. बारीक दाणेदार, ना फार चकचकीत ना अगदी मंद. लग्नाच्या अल्बमला हाच वापरतात म्हटल्यावर आईंचा चेहरा उजळला. शुभकार्याचा कागद!

हे सगळं ऐकून गोखले रोडच्या गल्लीतले फ्रेमवाले काका हसले. "ताई, वर काच बसली की कागद कुठला का असेना, चमकणार काचच." हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं, पण आम्ही त्यांच्याकडे नंतर गेलो.

पट्ट्यांचे नमुने पुढे आले. काळी पट्टी आईंनी हातातही घेतली नाही. चंदनी रंगाची पाहून त्यांना चंदनाचा हार आठवला. सोनेरी नक्षीची बरी होती, पण तिच्यात अण्णा बसवले असते तर संध्याकाळी कोणीतरी उदबत्ती ओवाळलीच असती. त्यात लोकांचाही दोष नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर काचेमागे जाऊन बसल्या. देवांनंतर त्या भिंतीवर नंबर लागला तो दिवंगतांचा. हयात मंडळींचे फोटो अल्बममध्ये असतात, अल्बम कपाटात, आणि कपाटाची किल्ली सापडत नाही.

माउंटवर काका अडून बसले. फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंटचा, म्हणजे फोटोभोवतीच्या चौकटीचा, पुठ्ठा हवाच. ठाण्याच्या पावसाळ्यात दमट हवेने फोटोचा वरचा थर मऊ पडतो, काचेला चिकटतो, आणि पुढे सोडवायला जावं तर नाक काचेवरच राहतं. मी म्हटलं, मग चमक मारणारी काच नको, ती धुरकट नॉन-ग्लेअर द्या. तर म्हणाले, ती फोटोला टेकूनच हवी, जरा अंतर पडलं की चेहरा पुसट दिसतो. म्हणजे माउंट हवा तर ती काच नाही आणि ती काच हवी तर माउंट नाही. "पुसट अण्णा" हा पर्याय आईंपुढे मांडायची माझी हिंमत झाली नाही.

कॅनव्हासचाही विषय निघाला होता. त्याला काच नाही, माउंट नाही. कापडावर छापून लाकडी चौकटीवर ताणायचं. पण कडेचा दीडेक इंच मागे वळतो, आणि आमच्या फोटोत कडेला कान होता. नवऱ्याचा कान भिंतीकडे वळवायला आईंनी साफ नकार दिला.

भिंतीचं तर विचारूच नका. हॉलमध्ये मोकळी भिंत एकच, तीही दक्षिणेची, म्हणजे पितरांची. म्युझियमवाले चित्राचा मध्य साधारण डोळ्यांच्या उंचीला ठेवतात, जमिनीपासून दीडेक मीटरवर. आपल्याकडे छताखाली, पुढे झुकवून लावायची पद्धत. "वर नको," आई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

शेवटी अण्णांनाच दुकानात नेलं. दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन हयातीचा दाखला देणारा माणूस, त्याला कशाचं काय! त्यांनी शांतपणे अक्रोडी पट्टी निवडली, मोतिया माउंट निवडला, आणि फ्रेम उलटी करून काकांना विचारलं, "हाराला वर दोन खिळे आत्ताच मारून ठेवता येतील? पुन्हा फेरी नको. माउंटही नंतर पांढरा करता येईल ना?"

"येईल की," काका उत्साहाने म्हणाले. "मागच्या पिना काढल्या की झालं."

आईंनी दोघांकडे पाहिलं.

"कॅनव्हास करा," त्या म्हणाल्या. "काच नको, माउंट नको, खिळे नकोत."

"पण आई, डावा कान मागे जाईल."

"जाऊ दे. त्या कानाने तसंही ऐकत नाहीत."