व्हिनेगरने डिकल बसतं म्हणे!

पाऊस सुरू झाला की प्लास्टिकच्या विमानांची मॉडेलं जोडणाऱ्या आम्हा किटवाल्यांच्या व्हॉट्सअॅपवर डिकलबद्दल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या पातळ छापील चित्रांबद्दल, एक फॉरवर्ड उगवतोच: ‘डिकल बसत नसेल तर घरचा व्हिनेगर लावा, महागड्या बाटल्यांत तेच असतं. आधी ग्लॉस वार्निश मारायची गरज नाही. सुरकुती दिसली की लगेच बोटाने दाबा. आणि गोव्यात पावसाळ्यात डिकल लावूच नका.’

व्हिनेगरचं अर्धं खरं आहे, म्हणून तर ते खपतं. मायक्रो सेट या डिकलच्या द्रावणाची निळ्या लेबलाची बाटली उघडली की वास व्हिनेगरचाच येतो. पण सेटचं काम डिकल चिकटवण्याचं. डिकलची फिल्म मऊ करून खाचाखोचांत उतरवतं ते लाल लेबलाचं मायक्रो सोल, आणि ते वेगळं रसायन. व्हिनेगरने पातळ डिकल थोडंफार नमतं. जुन्या किटमधलं जाडं ढिम्म हलत नाही. शिवाय ‘घरचा’ म्हणजे आमच्याकडे माडाच्या सुरेचा! एकदा तोही लावून पाहिला. सोरपोतेलच्या रश्श्याला शोभणारा तो रंग पांढऱ्या आकड्याखाली डाग होऊन बसला.

ग्लॉस नको, हे तर सपशेल चूक. मॅट रंग भिंगाखाली धरा, पॉलिश पेपरसारखा खरबरीत दिसेल. फिल्म त्या उंचवट्यांवर टेकते, खाली हवा अडकते आणि तीच चंदेरी चमकते. आधी ग्लॉस मारला की हवेला जागाच उरत नाही. आता चमकलंच असेल, तर बारीक सुईने टोचून त्यावर सोल सोडा.

सुरकुतीचा सल्ला मात्र घातक. २०१६ साली दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर निवृत्त झालेलं सी हॅरियर लढाऊ विमान मी १:७२ प्रमाणात करत होतो. तिरंगी वर्तुळावर सोल लावलं, ते भिजल्या पापडासारखं आक्रसलं. घाबरून दाबलं, तर केशरी कड बोटालाच चिकटून आली. दुसऱ्या बाजूचं तसंच सोडून जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर वर्तुळ ताणून बसलेलं आणि पॅनेलची रेघ त्यातून स्वच्छ उमटलेली.

राहिला पाऊस. अहो, डिकल पाण्यात बुडवूनच सोडवायचं असतं, ते दमट हवेला काय भिणार? रुसतं ते वार्निश. लॅकरचा फवारा पांढुरका पडतो, अॅक्रिलिक लवकर वाळत नाही. म्हणून आषाढात मी ग्लॉस मारलेलं विमान सिलिका जेलच्या पुड्यांसकट बिस्किटांच्या डब्यात दोन दिवस बंद ठेवतो. डबा उघडून पोरांना बिस्किटं मिळत नाहीत, एवढीच काय ती तक्रार.