'बाईला एकट्याने भेटू नका' हा सल्ला मुलींच्या मुळावर येतो

परवा धाकट्या भावाने घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला: 'पुरुष मॅनेजरांनो, सावध राहा.' खाली चार नियम. बाईला एकट्याने भेटू नका, तिला रात्रीचं काम देऊ नका, लग्न ठरलेलीला मोठा प्रोजेक्ट नको, आणि समानता वगैरे एचआर बघून घेईल. सोबत भावाची ओळ: 'विचार करण्यासारखं आहे.' तो गेल्याच महिन्यात गोरेगावच्या ऑफिसात टीम लीड झालाय. हाताखाली तीन मुली आहेत. म्हणून हे लिहितेय.

पहिला नियम सगळ्यात घातक. कारण काय दिलंय, तर 'पॉश कायद्यात बाईने बोट दाखवलं की नोकरी गेली.' साफ खोटं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या या कायद्यात तक्रार समितीपुढे जाते, दोन्ही बाजू ऐकल्या जातात. जाणूनबुजून खोटी तक्रार करणारीवर कारवाई होऊ शकते, हे कलम १४ मध्येच आहे. फक्त पुरावा देता आला नाही म्हणून तिला खोटारडी ठरवता येत नाही, इतकंच.

आणि न भेटल्याने काय होतं, ते मी भोगलंय. लोअर परळला माझा पहिला मॅनेजर सभ्य माणूस, कधी वावगा शब्द नाही. पण कटिंगला टपरीवर न्यायचा ते मुलांनाच. कुठला क्लायंट कुणाला, कोण कुठे कमी पडतंय, सगळं तिथे ठरायचं. मला दोन दिवसांनी मेल. अप्रेझलमध्ये शेरा: 'पुढाकार कमी'. दोन वर्षं माझी चूक कुणी तोंडावर सांगितली नाही. पुढच्या मॅनेजरने काचेच्या केबिनमध्ये बसवून माझं एस्टिमेट ओळीओळीने तपासलं. काम खरं शिकले ते त्या तासाभरात.

रात्रीचं काम? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईची संमती लागते, घरापर्यंत गाडीही द्यावी लागते. म्हणजे तिला विचारायचं. परस्पर नाव खोडायचं नाही.

लग्न ठरलेलीला मोठा प्रोजेक्ट नको, कारण पुढे बाळंतपणाची रजा? त्या २६ आठवड्यांच्या पगारी रजेचा भार बहुतेकदा कंपनीवरच पडतो, हे मात्र मान्य. सरकारने त्यात वाटा उचलायला हवा. पण प्रोजेक्ट नाकारून त्यातला एक रुपयाही वाचत नाही.

एचआर धोरण लिहितं. बढतीसाठी नाव मॅनेजरच पुढे करतो.

रात्री भावाला फोन केला. त्या तिघींशी कामाबद्दल एकेकीशी बोललास का?

"अजून नाही."

"आणि मुलांशी?"

"ते काय, रोज लोकलला एकाच डब्यात असतो."